लॅनो काउंटीची १७ पुस्तकं: आदेश न काढता केलेली बंदी

टेक्सासची राजधानी ऑस्टिन, आणि तिच्या वायव्येच्या डोंगराळ पट्ट्यात लॅनो काउंटी. लोकवस्ती एकवीस हजारांच्या आसपास. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत इथे पाचातली जवळपास चार मतं ट्रम्प यांना पडली. काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तीन शाखा आहेत: लॅनो, किंग्सलंड आणि लेकशोअर. या तीन शाखांच्या कपाटांतून २०२१ साली १७ पुस्तकं निघाली आणि त्यावरचा खटला २०२५ च्या डिसेंबरपर्यंत चालला. 'लिटल विरुद्ध लॅनो काउंटी' या नावाने तो ओळखला जातो.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत पुस्तकं हटवण्याची प्रकरणं ढिगाने झाली. त्यांतून हेच निवडण्याचं कारण असं की इथे बंदीचा एकही आदेश नाही. ठराव नाही, अधिसूचना नाही, 'अमुक पुस्तक अमुक कारणासाठी काढले' असा कागद नाही. ई-मेल आहेत, तोंडी सूचना आहेत आणि ग्रंथालयशास्त्रातल्या एका साध्या, रोजच्या कामाचं नाव पुढे केलेलं आहे. पुस्तकं आज कशी हटवली जातात हे समजून घ्यायचं तर ही पद्धत नीट पाहायला हवी.

आधी कारभाराची रचना. टेक्सासात काउंटीचा कारभार 'कमिशनर्स कोर्ट' पाहतं. नावात कोर्ट असलं तरी त्याचं काम मुख्यतः प्रशासकीय, आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळचं. अध्यक्षाला 'काउंटी जज' म्हणतात, सोबत चार कमिशनर, आणि पाचही जण निवडून आलेले. ग्रंथालयाचा निधी, संचालकाची नोकरी, सल्लागार मंडळाच्या नेमणुका, सगळं यांच्याच हातात. ग्रंथपालाला पाठीशी घालणारी स्वतंत्र यंत्रणा मधे कुठेही नव्हती, आणि पुढे जे घडलं ते बरंचसं या एका गोष्टीमुळे घडलं.

तक्रारीपासून यादीपर्यंत

सुरुवात २०२१ च्या उन्हाळ्यात झाली ती लहान मुलांच्या विनोदी चित्रपुस्तकांवरून. पादणं, ढुंगण असल्या विषयांवर पाच-सहा वर्षांच्या मुलांना खदखदून हसवणारी ही पुस्तकं. काही रहिवाशांना ती अश्लील वाटली. संचालिकेने ती स्वतः विचार करून घेतलेली होती. तरीही काउंटी जज रॉन कनिंगहॅम आणि एका कमिशनरने तिच्याशी संपर्क साधून ती काढायला सांगितलं, आणि सात पुस्तकं गेली. कुणी अर्ज भरला नाही, कुठल्या समितीने ती वाचली नाहीत. एका फोनवर पुस्तक निघतं हे गावात सगळ्यांना तेव्हाच कळून चुकलं.

२५ ऑक्टोबर २०२१ ला टेक्सास विधानसभेचे सदस्य मॅट क्रॉझ यांनी राज्यातल्या शालेय जिल्ह्यांना पत्र पाठवलं. सोबत सुमारे ८५० पुस्तकांची यादी होती: यातली कुठली पुस्तकं तुमच्याकडे आहेत, किती प्रती आहेत, त्यांवर किती पैसे खर्च झाले, ते कळवा. क्रॉझ त्या वेळी राज्याच्या ॲटर्नी जनरल पदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवत होते. वंश, लैंगिकता, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींचं आयुष्य, लैंगिक शिक्षण, मानवी हक्क असे विषय यादीत भरलेले. पाठोपाठ १ नोव्हेंबरला राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी शालेय मंडळांच्या संघटनेला शाळांतल्या 'अश्लील' पुस्तकांबद्दल पत्र लिहिलं.

ही यादी आणि हे पत्र, दोन्ही शाळांसाठी होती. लॅनोतल्या एका रहिवाशाने राज्याच्या यादीतली कोणती पुस्तकं काउंटीच्या ग्रंथालयात आहेत हे कॅटलॉगवरून शोधलं, साठेक नावांचा तक्ता केला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काउंटी जजला पाठवला. तक्ता संचालिकेकडे आला आणि सोबत लैंगिक दृश्यं किंवा नग्नता असलेली पुस्तकं कपाटावरून काढण्याची सूचना आली. शाळेचं ग्रंथालय अल्पवयीन मुलांसाठी असतं, सार्वजनिक ग्रंथालय सर्व वयांच्या करदात्यांसाठी. शाळेसाठी केलेली चाळणी सार्वजनिक ग्रंथालयाला लावली की प्रौढ वाचकाचं पुस्तकही जातं, आणि तसंच झालं.

निघालेल्या पुस्तकांत इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट: द ओरिजिन्स ऑफ अवर डिस्कन्टेन्ट्स' होतं. अमेरिकेतला वंशभेद भारतीय जातिव्यवस्थेच्या आधाराने समजावून सांगणारं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देणारं हे पुस्तक. त्यात ना नग्न चित्रं, ना लैंगिक दृश्यं. ते प्रौढांसाठीच लिहिलेलं आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून हा धागा महाराष्ट्राला ठाऊक आहे. टेक्सासातल्या एका छोट्या गावात तोच धागा कपाटावरून उतरवला गेला. शिवाय कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी संघटनेचा कुमारांसाठी लिहिलेला इतिहास गेला, एका ट्रान्सजेंडर मुलीचं आत्मकथन गेलं, मुलांना शरीराची ओळख करून देणारं एक पुस्तक गेलं आणि मॉरिस सेंडॅक यांचं 'इन द नाइट किचन' हे १९७० चं चित्रपुस्तकही गेलं, कारण त्यात एक चिमुरडा उघडा दाखवला आहे.

डिसेंबरात मुलांच्या आणि कुमारांच्या विभागातली पुस्तकं तपासायला नाताळच्या तोंडावर काही दिवस शाखा बंद ठेवल्या. १३ डिसेंबरला कमिशनर्स कोर्टाने ओव्हरड्राइव्ह ही ई-पुस्तकांची सेवा थांबवली, कारण त्यातली नको ती पुस्तकं एकेक करून झाकता येत नव्हती. वयामुळे किंवा आजारपणामुळे शाखेपर्यंत न येऊ शकणाऱ्या वाचकांचं वाचनच त्या एका ठरावाने थांबलं. पुढे काउंटीने दुसरी ई-सेवा घेतली. जानेवारी २०२२ मध्ये जुनं सल्लागार मंडळ बरखास्त झालं. नव्या मंडळात तक्ता पाठवणाऱ्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची नेमणूक झाली आणि बैठका जनतेला बंद झाल्या. मार्चमध्ये किंग्सलंड शाखेच्या प्रमुख ग्रंथपालांना कामावरून काढलं. पुस्तकं हटवायला त्यांचा विरोध होता. काउंटीने कारण दिलं ते आज्ञाभंगाचं. त्यांनी केलेला दावा २०२५ मध्ये २ लाख २५ हजार डॉलरवर मिटला.

छाटणीचं नाव

काउंटीचा बचाव एका वाक्याचा होता: आम्ही बंदी घातली नाही, नेहमीची छाटणी केली. हा बचाव तपासायचा तर छाटणी कशी होते हे माहीत हवं.

ग्रंथालयात जागा मर्यादित असते, म्हणून दरवर्षी काही पुस्तकं बाद करावीच लागतात. आपल्याकडे यालाच निर्लेखन म्हणतात. अमेरिकेतल्या छोट्या ग्रंथालयांत त्यासाठी 'क्रू' ही पद्धत सर्रास वापरतात आणि तिची पुस्तिका टेक्सास राज्य ग्रंथालयानेच काढलेली आहे. पद्धतीचं सूत्र तीन भागांचं: प्रकाशनाला किती वर्षं झाली, शेवटची देवघेव होऊन किती वर्षं झाली, आणि 'मस्टी' (MUSTIE), म्हणजे पुस्तक बाद करण्याच्या सहा कारणांची इंग्रजी आद्याक्षरं. वैद्यकावरच्या पुस्तकांना ५/३/मस्टी, म्हणजे पाच वर्षांहून जुनं आणि तीन वर्षांत कुणी न नेलेलं. संगणकावरच्या पुस्तकांना ३/एक्स, म्हणजे तीन वर्षं उलटली की देवघेव न पाहता. कादंबऱ्यांना एक्स/२, म्हणजे वय कितीही असो, दोन वर्षांत कुणी मागितली नसेल तर विचार करायचा. मस्टीची सहा कारणं अशी: दिशाभूल करणारी माहिती, फाटकी-मळकी अवस्था, नवी आवृत्ती आलेली असणं, किरकोळ मोलाचं असणं, इथल्या वाचकांना उपयोगाचं नसणं, आणि दुसरीकडून सहज मिळणं.

पहिले दोन भाग आकड्यांचे आहेत. संगणकातून अहवाल काढला की यादी आपोआप समोर येते आणि त्या यादीत कुठलं पुस्तक येईल हे आधी कुणालाच माहीत नसतं. पद्धतीचा प्रामाणिकपणा इथेच आहे. नंतर ग्रंथपाल एकेक प्रत हातात घेऊन बघतो आणि सहा अक्षरांपैकी कारण लिहितो. कपाट क्रमाने घ्यायचं असतं. आज ३०० क्रमांकाच्या विषयवर्गाचं, पुढच्या महिन्यात ४०० च्या.

आता 'कास्ट' या सूत्रात बसवून पाहा. ते ऑगस्ट २०२० मध्ये प्रकाशित झालं. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. वयाची कुठलीच अट त्याला लागत नाही. 'दोन वर्षांत देवघेव नाही' ही अटही लागू शकत नाही, कारण पुस्तकच दोन वर्षांचं नाही. नवी आवृत्ती, जुनी माहिती, फाटकी प्रत हे प्रश्न सव्वा वर्षात सहसा उद्भवत नाहीत. उरतात फक्त 'किरकोळ मोलाचं', 'इथल्या वाचकांना उपयोगाचं नाही' आणि 'दुसरीकडून सहज मिळतं' ही तीन कारणं. ती माणसाच्या मतावर चालतात, आणि राजकीय दबाव नेमका तिथून आत शिरतो.

क्रमही उलटा होता. खऱ्या छाटणीत अहवालातून यादी निघते. इथे यादी बाहेरून आली आणि त्या यादीतली पुस्तकं हातात घेऊन कारणं शोधली गेली. कपाट चाळताना सापडलेलं पुस्तक आणि यादीत नाव असल्यामुळे कपाटावर जाऊन काढलेलं पुस्तक, या दोघांच्या नोंदी नंतर सारख्याच दिसतात. दोन्हींपुढे 'बाद' एवढाच शेरा असतो. ग्रंथालयातला जाणकार माणूससुद्धा नुसत्या नोंदवहीवरून फरक सांगू शकत नाही. तारखा आणि पत्रव्यवहार समोर ठेवावे लागतात. लॅनोत तो पत्रव्यवहार बाहेर आला तो टेक्सासच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली अर्ज केल्यावर. तो कायदा नसता तर छाटणीची गोष्ट खोडून काढणं अवघड गेलं असतं.

न्यायालयात

२५ एप्रिल २०२२ ला सात रहिवाशांनी संघीय जिल्हा न्यायालयात दावा लावला. आधार होता अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि त्यातून येणारा माहिती मिळवण्याचा हक्क. ३० मार्च २०२३ ला न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी अंतरिम आदेश दिला: १७ पुस्तकं २४ तासांत कपाटावर ठेवा, कॅटलॉगमध्ये दाखवा, आणि दावा चालू आहे तोवर एकही पुस्तक काढू नका. छाटणीचं कारण नंतर जोडलेलं दिसतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मधल्या काळात काउंटीने आणखी एक युक्ती केली होती. त्याच १७ पुस्तकांच्या प्रती देणगी म्हणून आणून काउंटरच्या मागे ठेवल्या. वाचकाने नाव घेऊन मागितलं तर मिळेल, सबब हिरावून घेतलं असं म्हणता येत नाही, हा युक्तिवाद. देणगीदार काउंटीचे वकीलच होते हे नंतर उघड झालं. पण ही पुस्तकं कॅटलॉगमध्ये नव्हती. जी गोष्ट शोधयंत्रात दिसत नाही आणि कपाटावरही नाही, ती आहे हे वाचकाला कळणार कसं? शिवाय स्वतःच्या शरीराबद्दल गोंधळलेला पंधरा वर्षांचा मुलगा, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात, काउंटरवर येऊन ते नाव मोठ्याने घेईल अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याला नाही म्हणणंच आहे. ग्रंथपालांनी हे ओळखायला हवं: पुस्तक मागे ठेवणं, वयाचं बंधन घालणं, कॅटलॉगची नोंद लपवणं, हे सगळे हटवण्याचेच प्रकार आहेत.

आदेशानंतर दोनच आठवड्यांनी, १३ एप्रिल २०२३ ला, कमिशनर्स कोर्टाच्या विशेष सभेपुढे विषय आला की ग्रंथालय चालू ठेवावं की बंदच करावं. लोकांनी गर्दी केली, बाजूने आणि विरोधात बोलले, आणि तूर्तास ग्रंथालय चालू राहिलं. ध्रुवीकरण कुठवर जातं हे त्या विषयपत्रिकेत दिसतं. १७ पुस्तकं परत ठेवण्यापेक्षा तिन्ही शाखांना कुलूप लावणं हा पर्याय गंभीरपणे मांडला गेला.

पाचव्या सर्किट अपील न्यायालयाच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा गट, इथे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी) तीन न्यायाधीशांच्या पीठाने ६ जून २०२४ ला दोन विरुद्ध एक मताने आदेश अंशतः राखला. १७ पैकी आठ पुस्तकं परत ठेवायची, 'कास्ट' त्यांत. सात विनोदी पुस्तकं आणि नग्न चित्रांची दोन पुस्तकं वगळली. पण लगेच जुलैत पूर्ण न्यायालयापुढे फेरसुनावणी मंजूर झाली आणि २३ मे २०२५ ला १० विरुद्ध ७ मतांनी सगळंच उलटलं. बहुमताचं म्हणणं असं: ग्रंथालयाने अमुक पुस्तक ठेवावं असा हक्क वाचकाला पहिल्या दुरुस्तीतून मिळत नाही, पुस्तक हवं असेल तर विकत घ्यावं, मित्राकडून आणावं. याच न्यायालयाने १९९५ मध्ये लुइझियानातल्या एका शाळेच्या प्रकरणात उलटं म्हटलं होतं. तो निकाल आता रद्द ठरला. दहापैकी सात न्यायाधीश आणखी पुढे गेले: ग्रंथालयाचा संग्रह ही सरकारची स्वतःची अभिव्यक्ती आहे, म्हणून तिला पहिली दुरुस्ती लागूच होत नाही.

या मुद्द्याशी आमचा ठाम मतभेद आहे. संग्रहालयात कुठला पुतळा उभा करायचा हे सरकार ठरवतं तेव्हा ते सरकारचं बोलणं मानता येईल. पण ग्रंथालयाच्या कपाटात परस्परविरोधी पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात. त्या सगळ्यांच्या तोंडून सरकार बोलतं असं मानलं तर सरकार एकाच वेळी उलटसुलट शेकडो गोष्टी बोलतं असं मानावं लागेल. आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये आयोवाच्या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळलाही होता.

असा गोंधळ का आहे? सर्वोच्च न्यायालयाचा एकच जुना निकाल आहे, १९८२ चा, न्यूयॉर्कमधल्या आयलंड ट्रीज शालेय मंडळाचा. तिथेही मंडळाच्या सदस्यांनी एका परिषदेतून यादी आणली होती. मंडळाला केवळ मतं पटत नाहीत म्हणून पुस्तक काढता येणार नाही, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं, पण त्यांच्यामागे स्पष्ट बहुमत नव्हतं. चार, एक, चार अशी फाळणी होती. चाळीसहून अधिक वर्षं खालची न्यायालयं त्या अर्धवट निकालावर चालली. ८ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने लॅनोच्या रहिवाशांचं अपील कारण न देता नाकारलं. त्यामुळे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत वाचकाला या आधारावर न्यायालयात जायची वाट बंद झाली आहे. तिथे आता लढाई काउंटीच्या सभागृहात आणि मतपेटीत आहे. शालेय ग्रंथालयांसाठी टेक्सासने २०२५ मध्ये वेगळा कायदाही केला. पालकांच्या सल्लागार परिषदा आणि खरेदीला शालेय मंडळाची मंजुरी त्यात आहे.

महाराष्ट्रातून पाहताना

आपल्याकडे पुस्तकबंदीचा रस्ता उघड आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८) राज्य सरकार अधिसूचना काढून पुस्तक जप्त करतं. अधिसूचनेत कारणं द्यावी लागतात, आणि दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, जिथे तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ ऐकतं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं असंच झालं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अधिसूचना रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये ते कायम केलं. ज्याला ते पुस्तक मान्य नाही त्यालाही सरकारचं कारण वाचता आलं, त्यावर युक्तिवाद करता आला. पण प्रकाशकाने पुस्तक २००३ च्या नोव्हेंबरातच, बंदीच्या आधी, मागे घेतलं होतं, आणि मागे घेतलेलं पुस्तक पुन्हा छापा असं कुठलंच न्यायालय सांगत नाही. लॅनो आणि महाराष्ट्र इथे एकाच जागी येतात: कागदावरची बंदी लढता येते, कागदाबाहेरची लढायला सापडतच नाही.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड वर्गाची मान्यताप्राप्त ग्रंथालयं संस्थांची कार्यकारी मंडळं चालवतात. गावातली राजकीय माणसं त्या मंडळांवर असतात. ग्रंथपालाचा पगार तुटपुंजा आणि मंडळाच्या मर्जीवर. लॅनोतली रचना आपल्याला परकी नाही. म्हणून काही गोष्टी वाद उठायच्या आधी लावून घ्याव्यात, कारण वाद उठल्यावर लावलेला नियम एका बाजूचा वाटतो.

निर्लेखनाची यादी नेहमी देवघेवीच्या अहवालातून काढावी आणि अहवालाची तारखेसह छापील प्रत फाइलला लावावी. प्रत्येक पुस्तकापुढे दाखल क्रमांक, प्रकाशनवर्ष, शेवटची देवघेव, उरलेल्या प्रती, बाद करण्याचं नेमकं कारण आणि पाहणाऱ्याची सही हवी. 'कालबाह्य' एवढा शब्द पुरत नाही. काय कालबाह्य झालं ते लिहावं. तक्रार असेल तर ती वेगळ्या वाटेने न्यावी, निर्लेखनात कधीही मिसळू नये. तक्रारीच्या अर्जात तीन प्रश्न हवेतच: पुस्तक पूर्ण वाचलं का, आक्षेप कोणत्या पानांवर आहे, आणि काय व्हावं असं वाटतं. एका अर्जात एकच पुस्तक. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटावर आणि कॅटलॉगमध्ये राहील, ही अट सगळ्यांत महत्त्वाची. पुस्तक आधी काढून मग चौकशी सुरू केली तर चौकशी संपवायची कुणालाच घाई नसते. तीन जणांच्या समितीने पुस्तक पूर्ण वाचून लेखी निर्णय द्यावा, आणि त्याच पुस्तकावर वर्ष-दोन वर्षं पुन्हा तक्रार घेऊ नये.

आणि तोंडी सूचना आली तर? पदाधिकाऱ्याने फोनवर 'ते पुस्तक जरा बाजूला ठेवा' म्हटलं, तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं पद आणि पुस्तकाचं नाव त्याच दिवशी नोंदवून त्याची प्रत त्यांना ई-मेलने पाठवावी: 'आपण अशी सूचना दिली असे समजलो आहे, लेखी आदेश मिळताच कार्यवाही करू.' अनेकदा लेखी आदेश येत नाही आणि पुस्तक जागेवर राहतं. आला, तर त्याला आव्हान देता येईल असा कागद हातात असतो.